गाडीत सिलिंडर नको! – चैत्यभूमीच्या वाटेवरचा आमचा हिशेब

नोव्हेंबर सरत आला की आमच्या मालवण किनाऱ्यावरच्या बौद्धवाड्यांतून एकच विषय सुरू होतो. गाडी कोणाची ठरवायची, माणसे किती, वर्गणी किती आणि वाटेत जेवणाचे काय? पहिल्या तीन प्रश्नांचा निकाल एका बैठकीत लागतो. चौथ्यावर मात्र दरवर्षी वाद होतो आणि शेवटी कोणीतरी म्हणतो, "एक सिलिंडर आणि शेगडी टाकू गाडीत, झाला काम!"

बंधू-भगिनींनो, आज आम्ही या "झाला काम" विषयीच लिहिणार आहोत. चार डिसेंबरच्या संध्याकाळी आम्ही मालवणहून निघतो. पाच तारखेला सकाळी महाड, चवदार तळ्याला वंदन, रात्री दादर. सहा तारखेला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन, पुस्तकांची खरेदी आणि रात्री परतीचा रस्ता. तीन रात्री वीस माणसे एका मिनी बसमध्ये काढतात. त्या तीन दिवसांपुरती ती गाडी म्हणजे आमचे घरच असते. घर म्हटले की दिवा लागतो, वारा लागतो, चहा आणि भात लागतो. हे सर्व गॅसच्या टाकीशिवाय कसे जमवायचे, ते आम्ही चुका करीत शिकलो. त्या चुका इतरांनी करू नयेत म्हणून हा लेखप्रपंच.

कशेडी घाटातली ती रात्र

गोष्ट २०१६ सालची. गाडीच्या मागच्या बाजूला सामानात घरगुती सिलिंडर आडवा टाकलेला. दोन आसनांच्या मधल्या जागेत अंथरूण घालून एक सहा वर्षांची मुलगी झोपली होती. कशेडी घाट चढत असताना ती उठून बसली आणि म्हणाली, "आजी, कसलो गे वास येता?" आसनावर बसलेल्या आम्हा कोणालाही वास आलेला नव्हता. म्हातारी खाली वाकली आणि ओरडली, "गॅस! गाडी थांबव रे बाबू!"

चालकाने गाडी कडेला घेतली. सगळे खाली उतरले. काळोखात बॅटरीचा प्रकाश न पाडता, कोणालाही विडी-काडी न ओढू देता सिलिंडर बाहेर काढला. खड्ड्यांत आपटून रेग्युलेटर सैल झाला होता. दरवाजे उघडे ठेवून आम्ही तासभर रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. कोणाला काही झाले नाही. पण त्या मुलीला आधी वास का आला, हे पुढे समजले तेव्हा अंगावर काटा आला.

आपल्या टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, ब्युटेन दुप्पट जड. त्यामुळे गळलेला गॅस वर उडून जात नाही, तर पाण्यासारखा खाली साचतो. गाडीत खाली कोण असते? अंथरुणावर झोपलेली मुले. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास हा गॅस मिसळला की एक ठिणगी पुरते, आणि गाडीत ठिणग्यांना तोटा नाही. स्विच, वायर, उदबत्ती, काहीही चालते.

२६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे तामिळनाडूत मदुराई येथे रेल्वेच्या एका उभ्या डब्याला आग लागली. लखनौहून यात्रेला निघालेल्या मंडळींचा तो खासगी डबा. आत चोरून आणलेला सिलिंडर होता आणि पहाटेच्या चहाची तयारी चालली होती. नऊ माणसे दगावली. रेल्वेत सिलिंडर नेणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे ठाऊक असूनही लोक नेतात. मग भाड्याच्या बसमध्ये विचारणार तरी कोण?

मग हॉटेलात का जेवू नये?

हा प्रश्न तरुण मुले विचारतात आणि तो गैर नाही. पण महामार्गावरच्या हॉटेलात वीस माणसांनी तीन दिवस दोन वेळा जेवायचे तर गाडीभाड्याइतकाच खर्च होतो. मोलमजुरी करणाऱ्या घरातून चार माणसे निघाली तर तो खर्च झेपत नाही, आणि मग घरातली म्हातारी "तुम्ही जावा, माझा काय" म्हणत मागे राहते. आमच्या मते खरे नुकसान तेच आहे. सिलिंडरचा प्रश्न हा म्हणून केवळ सोयीचा नाही. अभिवादनाला कोण जाणार आणि कोण घरी राहणार, हे त्यावर ठरते.

दुसरीही एक आठवण आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला वाटेवरच्या हॉटेलात वेगळी कपबशी मिळे, तीही स्वतः धुवून ठेवावी लागे. म्हणून ते तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधून निघत. आज तो दिवस राहिला नाही. तरी आपले अन्न आपण शिजवून, सर्वांनी मांडीला मांडी लावून खाण्याची ती रीत आम्हाला सोडावीशी वाटत नाही. शिवाय शुगरवाले, पथ्याचे, तान्ह्या बाळाच्या आया यांना वेळेवर आणि साधे अन्न लागते.

वादळाने दिलेला धडा

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. माड, आंबे, विजेचे खांब आडवे झाले. आमच्या वाडीत नऊ दिवस वीज नव्हती. मोबाईल बंद, मुंबईच्या चाकरमान्यांना आईबाप जिवंत आहेत की नाहीत ते कळेना. त्यानंतर वाडीच्या बैठकीत ठरले की विहारावर सोलर प्लेट बसवायची, म्हणजे पुन्हा असा प्रसंग आला तर निदान एक ठिकाण उजेडाचे राहील.

२०२२ साली २०० वॅटच्या दोन प्लेट, १५० अँपिअर-तासाची एक साधी शिसे-आम्लाची बॅटरी, चार्ज कंट्रोलर, वायर, फ्यूज, १२ व्होल्टचे पंखे आणि दिवे असा सरंजाम घेतला. एकूण खर्च ४१,००० रुपये आला. वाडीतली घरे ४१. घरटी हजार रुपये, महिना शंभरप्रमाणे दहा हप्ते. हा आमचा त्या वेळचा भाव; आज घेणाऱ्याने दोन-तीन दुकानांत विचारूनच घ्यावे.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या बैठकीत एका मुलाने विचारले, "विहारावरचा सोलर चार दिवस गाडीवर नाय चढवूक येणा?" येते, असे वायरमनने सांगितले. आणि आमची पहिली चूक तिथेच सुरू झाली.

उजेड स्वस्त, उष्णता महाग

आम्हाला वाटले, सोलर आहे, बॅटरी आहे, मग इंडक्शनची शेगडी लावू आणि भात करू. मोठा इन्व्हर्टर भाड्याने आणला. राजापूरच्या पुढे गाडी थांबवून टोप चढवला. दहा-बारा मिनिटांत इन्व्हर्टर ओरडू लागला आणि बंद पडला. भात अर्धा कच्चा, बॅटरी रिकामी, रात्रभर गाडीत ना दिवा ना पंखा. घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. हा हिशेब कोणालाही जमण्यासारखा आहे, म्हणून तो इथे मांडतो.

बारा व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-तास म्हणजे १,८०० वॅट-तास, अर्थात १.८ युनिट. पण शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी केली तर ती लवकर मरते. म्हणजे हाती उरले ०.९ युनिट. आता वीस माणसांचा भात पाहा. अडीच किलो तांदूळ आणि सहा लिटर पाणी नुसते उकळीला आणायलाच पाऊण युनिट लागते. शिजवण्याचे आणखी वेगळे. त्यातही इंडक्शनची शेगडी जोरात चालवली की १२ व्होल्टच्या बॅटरीतून दीडशे अँपिअरहून जास्त प्रवाह ओढला जातो, आणि इतक्या जोराने ओढले की ही बॅटरी आपला अर्धा हिस्साही देत नाही. एका भातात बॅटरी बसली, त्यात नवल काहीच नव्हते.

उलट बाजूने पाहा. एक किलो गॅसमध्ये सुमारे साडेबारा युनिट उष्णता असते. आमची पन्नास-साठ किलो वजनाची बॅटरी रात्रभरात जे देते, ते शंभर ग्रॅम गॅस सहज देतो. म्हणूनच लोकांना गॅस सोडवत नाही. परदेशात फिरत्या घरासारख्या गाड्या असतात, त्यांतही वर्षानुवर्षे प्रोपेनची टाकी असते ती याच कारणाने. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्या गाड्यांत बिछाना, स्वयंपाकघर, संडास सर्व असते. आपल्याला ते भाडे परवडणारे नाही, पण प्रश्न तोच आहे.

आता उजेडाचा हिशेब बघा. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, म्हणजे १८० वॅट-तास. पंधरा वॅटचे चार पंखे आठ तास, म्हणजे ४८०. वीस मोबाईल एकेकदा भरायचे तर सुमारे ३००. एकूण ९६० वॅट-तास, म्हणजे एक युनिटसुद्धा नाही! डिसेंबरच्या उन्हात टपावर सपाट ठेवलेल्या ४०० वॅटच्या प्लेट दिवसाला एक ते सव्वा युनिट देतात. म्हणजे वीस माणसांचा उजेड, वारा आणि फोन ऊन फुकट भागवते. आमच्याबरोबर दम्याची एक मावशी असते. तिच्या वाफेच्या यंत्राला दहा मिनिटांना वीस वॅट-तासही लागत नाहीत. २०२३ साली दादरला मध्यरात्री तिला दम लागला तेव्हा लहान इन्व्हर्टरवर ते यंत्र गाडीतच चालले. तेवढ्या विजेने भाताचे अर्धे पातेलेही कोमट झाले नसते.

तेव्हा आम्ही ठरवले : बॅटरीकडून उजेड घ्यायचा, उष्णता मागायची नाही.

भात गोधडीत शिजतो

मग उष्णता कुठून? जिथे विजेचा पक्का पॉइंट आहे तिथून घ्यायची आणि ती सांडू द्यायची नाही. महाडजवळ आमच्या ओळखीच्या वाडीत विहार आहे. तिथे आम्ही पाच तारखेला सकाळी आणि परतीला सात तारखेला सकाळी थांबतो. सोळा अँपिअरच्या पॉइंटवर इंडक्शनची शेगडी लावतो. भात, डाळ, भाजी, पेज, चहा धरून एका मुक्कामाला अडीच युनिट, दोन मुक्कामांचे मिळून पाच. त्याचे पैसे आम्ही यजमान विहाराच्या दानपेटीत वर काही घालून टाकतो. हेच पाच युनिटांचे काम गॅसवर केले असते तर अर्धा-पाऊण किलो गॅस पुरला असता. तेवढ्यासाठी आम्ही १४.२ किलो गॅस आणि तितकेच लोखंड मुलांच्या उशाशी ठेवून घाट चढत होतो!

पण सकाळी शिजवलेले रात्री गरम कसे राहायचे? त्यासाठी आमची पेटी आहे. लाकडी खोके घ्यावे. तळाला आणि चारही बाजूंना वीतभर जाड काथ्या दाबून भरावा. आपल्या सिंधुदुर्गात काथ्याला तोटा नाही. नसेल तर भाताचा सुका पेंढा चालतो. मध्ये टोप बसेल एवढीच जागा ठेवावी, आतून जुन्या साडीचे अस्तर लावावे आणि वरून काथ्या भरलेली जाड उशी दाबून बसवावी. टोपाचे झाकण घट्ट हवे आणि टोप पाऊण तरी भरलेला हवा, कारण अर्धा रिकामा टोप लवकर निवतो.

काम असे चालते. साधा तांदूळ पाच मिनिटे खळखळून उकळला की झाकणासकट पेटीत ठेवायचा. तासाभराने भात तयार. आपला उकडा तांदूळ हट्टी, तो आधी तासभर भिजवावा, दहा-बारा मिनिटे उकळावा आणि पेटीत दोन तास ठेवावा. रात्रभर भिजवलेली चवळी किंवा मसूर पंधरा मिनिटे उकळून तीन-चार तास ठेवावी. युरोपात महायुद्धांच्या काळात इंधनाची टंचाई होती तेव्हा बायका गवताच्या पेटीत असाच स्वयंपाक करीत. दक्षिण आफ्रिकेत २००८ पासून त्याच तत्त्वावरची कापडी पिशवी गरीब वस्त्यांतून वापरली जाते.

आमच्या वाडीतल्या एका आजीने पहिल्यांदा पेटी पाहिली तेव्हा ती म्हणाली, "रे बाबू, गोधडीत गुंडाळून भात शिजतलो? माका शिकवतस?" पनवेलच्या आसपास पेटी उघडली, वाफ वर आली. आजीने शीत चिमटीत दाबून पाहिले. "शिजलो रे, पण मीठ कमी पडला!" त्या दिवसापासून पेटी तिच्या ताब्यात आहे आणि आम्हाला झाकण उघडायची परवानगी नाही. ते बरोबरच आहे, कारण दर वेळी उघडले की उष्णता जाते.

एक सूचना मात्र कळकळीची. पेटीतले अन्न हाताला चटका बसेल इतके गरम असेपर्यंतच खावे. सहा-सात तासांत संपवावे. कोमट झालेले डाळ-भात तसेच खाऊ नये, पुन्हा खळखळून उकळावे किंवा टाकून द्यावे. पोटाचा विकार घेऊन चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहणे कोणाच्याही नशिबी येऊ नये.

गाडी बांधताना

१. प्लेट टपावरच्या कॅरियरला नट-बोल्टने आणि वर दोरीने बांधाव्यात. गाडीच्या बांधणीत फेरफार करू नये, भोके पाडू नयेत. गाडीमालकाला आधी सांगून त्याची परवानगी घ्यावी.

२. आपली बॅटरी वेगळी ठेवावी. गाडीच्या बॅटरीवर पंखे लावू नयेत, नाहीतर पहाटे गाडी सुरू होत नाही. ढगाळ दिवसासाठी, इंजिन चालू असतानाच आपली बॅटरी भरेल असा रिले वायरमनकडून बसवून घ्यावा.

३. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. त्यात काटकसर नको. फ्यूज नसलेली बॅटरी हीसुद्धा आगच आहे.

४. शिसे-आम्लाची बॅटरी भरताना त्यातून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून ती माणसांत न ठेवता मागे, हवा खेळेल अशा खोक्यात उभी आणि घट्ट बांधून ठेवावी. जवळ बिडी-सिगारेट नको. लिथियम-फॉस्फेटची १०० अँपिअर-तासाची बॅटरी याहून पुष्कळ हलकी, सुमारे बारा-पंधरा किलोची असते आणि तिचा बहुतेक भाग वापरता येतो. महाग आहे, पण आमची जुनी संपली की तीच घ्यायचे ठरले आहे.

५. आपल्या किनाऱ्याची खारी हवा टोके खाते. दर महिन्याला टोके पुसून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. हे आम्ही पहिल्या वर्षी केले नाही. एक टोक हिरवे होऊन तुटले.

६. गॅस नको म्हणून कोळशाची किंवा भुशाची शेगडी गाडीत पेटवण्याचा विचार चुकूनही करू नये. बंद जागेत कोळशाचा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

शेवटचे चार शब्द

आमचे हे काही मोठे संशोधन नव्हे. आपल्याच जिल्ह्यात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने गावोगाव बायोगॅस उभे करून सिलिंडरवाचून चूल चालते हे दाखवून दिले आहे. गोठा गाडीत घालता येत नाही, म्हणून आम्ही काथ्या आणि ऊन घातले, एवढेच. तथागतांनी स्वतःच्या प्रकाशाने चालायला सांगितले. त्या उपदेशाची खोली फार मोठी आहे हे आम्ही जाणतो. पण टपावरच्या प्लेटवर मिणमिणणाऱ्या दिव्याखाली मुले बाबासाहेबांचे पुस्तक वाचताना दिसतात, तेव्हा त्या उपदेशाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

परत आल्यावर प्लेट पुन्हा विहारावर चढतात. वर्षाचे तीनशे साठ दिवस तिथे संध्याकाळची अभ्यासिका चालते. पावसाळ्यात ऊन कमी, तेव्हा फक्त दोनच दिवे लावतो. कशेडी घाटात वास ओळखणारी ती मुलगी या अभ्यासिकेत बसूनच दहावीची तयारी करीत आहे.

यंदा जी मंडळे गाडी करणार आहेत त्यांनी दिवाळीपूर्वीच सुतार आणि काथ्या गाठावा, पेटी बनवावी आणि घरी दोनदा भात करून पाहावा; वाटेवर प्रयोग नकोत. ज्यांना सोलर जमणार नाही त्यांनी निदान पेटी तरी करावी, तिला खर्च नाहीच म्हटले तरी चालेल. आणि बैठकीत कोणी "एक सिलिंडर टाकू" म्हणाला तर त्याला एवढेच विचारावे की गाडीत खाली कोण झोपणार आहे.

जय भीम!